वेबसाइट बिल्डरवर की हाताने कोड लिहून? पान पुढे कुणाच्या हातात राहणार, त्यावर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ऐरोलीत राहता, बी.कॉम.नंतर वेब डिझायनिंगचा छोटा कोर्स केलात, त्यात माउसने ओढून पान जुळवायचा बिल्डर शिकवला. आता तीन कामं समोर आहेत : नौपाड्यात राहणाऱ्या मावशींच्या फराळाचं पान, ऐरोलीतल्याच एका क्लासची वेबसाइट आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका मशीनिंग युनिटची वेबसाइट. मित्र म्हणतो, कोड न येता वेबसाइटचे पैसे घेणं म्हणजे फसवणूक. कोर्सचे सर म्हणाले, हाताने कोड आता कुणी लिहीत नाही. तर यातलं एक काय ते निवडायचं कसं?

एक निवडूच नका. मित्राचं म्हणणं मला पटत नाही आणि सरांचं तर त्याहून नाही.

मी ठाण्यात हीच कामं करते : दुकानं, क्लास, दवाखाने, वागळे इस्टेटमधले छोटे कारखाने. पहिल्या भेटीत मी रंग कुठला आवडतो ते विचारत नाही. साइट सुरू झाल्यावर तिच्यातला मजकूर कोण बदलणार, कितीदा बदलणार आणि मोबाइलवरून की कॉम्प्युटरवरून, एवढं विचारते. याचं उत्तर मिळालं की साधन कुठलं घ्यायचं यावर फारशी चर्चा उरत नाही.

मावशींचंच बघा. फराळाच्या धंद्यात भाव एकाच हंगामात दोनदा बदलू शकतात. तेल महागलं की चकलीचा आकडा बदलतो. अनारशांच्या ऑर्डरी भरल्या की ‘अनारसे संपले’ असं त्याच दिवशी लिहावं लागतं, नाहीतर लोक आगाऊ पैसे पाठवून मोकळे होतात. हे सगळं मावशी करणार रात्री अकराला, तळण उरकून, मोबाइलवर. तुम्ही हाताने लिहिलेलं पान दिलंत तर दर वेळी त्यांनी तुम्हाला फोन करायचा, तुम्ही लॅपटॉप उघडून फाइल बदलायची आणि सर्व्हरवर चढवायची. पहिली दिवाळी हे हौसेने चालेल. दुसऱ्या दिवाळीत तुम्ही कुठेतरी नोकरीला लागलेल्या असाल आणि पानावर गेल्या वर्षीचे भाव असतील. जुना भाव दाखवणाऱ्या पानापेक्षा पान नसलेलं बरं.

त्यामुळे इथे दिसतं तसं बदलता येणारा एडिटरच हवा, आणि तोही साधा. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे लॉगिन करून साइटचा मजकूर बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर (पान तुकड्या-तुकड्यांनी जुळवायची सोय) आतच मिळतो, त्यावर वेगळा बिल्डर बसवायची या कामाला गरज नाही. भावांचा एक टेबल ब्लॉक, वर एक फोटो, खाली व्हॉट्सॲपचं बटण. भावांचा तक्ता सोडून बाकीचे ब्लॉक लॉक करून ठेवा, म्हणजे घाईत बोट लागून काही उडणार नाही. बटणाच्या लिंकमध्ये ९१ आणि त्यापुढे थेट दहा आकडे येऊ द्या. आधी शून्य, अधिकचं चिन्ह किंवा मधे जागा ठेवू नका.

एक आगाऊपणा करते. मावशींना वेबसाइट हवीच का, हेही एकदा विचारून घ्या. त्यांची गिऱ्हाइकं सोसायट्यांच्या ग्रुपवरून येत असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि नीट भरलेलं गूगल प्रोफाइल यात पुष्कळ काम भागतं. काम नाकारायला सांगत नाही. पण ‘आत्ता गरज नाही’ असं सांगणाऱ्याकडेच माणसं पुढच्या कामाला परत येतात.

रबाळ्याच्या युनिटची गोष्ट नेमकी उलटी. तिथली माहिती वर्षानुवर्षं हलत नाही. मशीन कोणती, किती व्यासापर्यंतचं काम होतं, कुठल्या धातूत होतं, तपासणीची साधनं काय आहेत, पत्ता आणि नकाशा. हे वाचणार कोण? एखाद्या मोठ्या कंपनीचा परचेसवाला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एका वेळी पाच पुरवठादारांची पानं उघडून. त्याला सरकणारे फोटो नकोत, आत येताना उड्या मारणारी अक्षरं नकोत. त्याला ‘एसएस ३१६ मध्ये बुश करता का’ एवढंच बघायचंय. अशा पाच-सहा पानांना डेटाबेस, प्लगइन (साइटला वरून जोडायच्या जादा सोयी) आणि दर महिन्याची अपडेट कशाला? हाताने लिहा. फोटो सोडले तर असं पान ५० केबीच्या आत आरामात बसतं, क्षणात उघडतं, आणि त्यात घुसायला कुणाला लॉगिनचं दारच नसतं.

कामांचा तक्ता मात्र खराखुरा तक्ता असू द्या. कॅटलॉगच्या पानाचा फोटो काढून चिकटवू नका. मजकूर अक्षरांत असला तरच गूगलला तो सापडतो आणि परचेसवाल्याला कॉपी करून मेलमध्ये टाकता येतो. मोबाइलवर रुंद तक्ता पानाबाहेर जातो, म्हणून त्याच्याभोवती एक डिव्ह (कोडमधला डबा) घालून त्याला आडवं सरकू द्यायची सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ पुरते. चौकशीचा फॉर्म हवा असं मालक म्हणतील. नुसत्या एचटीएमएलचा (पानाचा मजकूर आणि रचना लिहायच्या भाषेतला) फॉर्म मेल पाठवू शकत नाही, त्यामागे सर्व्हरवर काहीतरी लागतं, आणि मग स्पॅमचा त्रास मागे लागतो. मेलची लिंक आणि दाबलं की फोन लागेल असा नंबर ठळक द्या. एमआयडीसीत काम फोनवरच ठरतं.

हाताने लिहिण्यातली खरी कटकट वेगळीच आहे. सहा पानं म्हटली की वरचा मेन्यू आणि खालचा पत्ता सहा ठिकाणी असतो. फोन नंबर बदलला की सहा फाइली उघडा, आणि एक हमखास राहून जाते. साध्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा असतेच, तेव्हा मेन्यूची एक फाइल, तळाची एक फाइल, आणि प्रत्येक पानात त्या फाइली आत ओढून घेणारी इन्क्लुडची ओळ. एवढ्याने ती कटकट मिटते. पुढे जमलं तर ह्यूगो किंवा एलेव्हन्टीसारखी साधनं शिका, ती साच्यातून तयार पानं काढून देतात. पहिल्या कामाला त्यांची गरज नाही.

मित्राला एक गोष्ट जरूर सांगा, कारण दिसतं तसं बदलण्याला कमी समजणारे पुष्कळ भेटतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला, तो एडिटरही होता. पान बघायचं आणि त्याच खिडकीत बदलायचं. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांमध्ये नुसतं बघणं उरलं आणि लिहायला वेगळी साधनं आली. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या सुरुवातीला कंपनीच विकत घेऊन आपलंसं केलेलं फ्रंटपेज त्यातलंच, आणि १९९७ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाने आणलेलं ड्रीमवीव्हरही. तुम्ही हाताने लिहिलेला कोड आम्ही बिघडवणार नाही, ही तेव्हा ड्रीमवीव्हरची जाहिरातीतली मोठी फुशारकी होती. म्हणजे बाकीची साधनं काय करत असतील ते समजून घ्या.

आजचे बिल्डर त्या मानाने शहाणे झालेत, पण ते काय लिहितात हे तुम्ही स्वतः बघायला हवं. तुमच्या कोर्समध्ये केलेलं एखादं पान क्रोममध्ये उघडा, शीर्षकावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबा. एका साध्या ओळीभोवती काय काय आहे ते वाचा : बाहेर सेक्शन, त्यात कंटेनर, त्यात कॉलम, त्यात विजेटची पेटी, तिच्यात आणखी एक पेटी, आणि मग कुठे ते शीर्षक. काही बिल्डरांनी अलीकडे हे थर कमी केलेत, जुन्या साइटवर ते तसेच आहेत. थर असणं हा गुन्हा नाही. पण त्यांच्याबरोबर प्रत्येक पानावर स्लायडरची, पॉपअपची, आयकॉनची स्क्रिप्ट बऱ्याचदा येते, पानावर स्लायडर असो वा नसो. गूगलच्या मोजमापात पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी अशी अपेक्षा असते. नव्या लॅपटॉपवर सगळंच पास होतं. तपासायचं ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून.

बिल्डरमध्ये आणखी एक सवय हटकून लागते. मोठं अक्षर हवं म्हणून शीर्षक न निवडता साधा मजकूर मोठा आणि ठळक करणं. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) वापरणारा माणूस शीर्षकांवरून उड्या मारत पान वाचतो, त्याला तुमच्या पानावर एकही शीर्षक सापडत नाही. हाताने लिहिणारे हे करत नाहीत असं नाही, पण त्यांना निदान ते लिहिताना दिसतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लांबलं ती सांगते. तुमची तिन्ही पानं मराठीत असणार, निदान काही भाग तरी. आणि बिल्डरांची टेम्प्लेट, म्हणजे तयार साचे, रोमन अक्षरं डोळ्यापुढे ठेवून केलेली असतात. इथे कोड वाचता न येणाऱ्याची अडचण होते, कारण पान बिघडलेलं दिसतं आणि का बिघडलंय ते कळत नाही.

सगळ्यात आधी अक्षरांमधलं अंतर. टेम्प्लेटमधल्या शीर्षकांना आणि बटणांना लेटर स्पेसिंग दिलेलं असतं, एक-दोन पिक्सेल. रोमन अक्षरांना ते छान दिसतं. तिथे ‘आमची उत्पादने’ लिहिलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी ठिकठिकाणी कापल्यासारखी. ठाण्यात कितीतरी डॉक्टरांच्या आणि ज्वेलरांच्या साइटवर हे दिसतं, आणि मालकाला नुसतं वाटत राहतं की ‘फॉन्ट काही बरोबर नाही’. फॉन्टचा दोष नाही. टायपोग्राफीच्या पॅनेलमध्ये ते अंतर शून्य करा. तरी तुटलेलंच राहिलं तर थीमच्या (साइटच्या तयार रूपाच्या) सीएसएसमध्ये ते कुठून येतंय हे इन्स्पेक्टमध्येच शोधावं लागतं, आणि तिथे बिल्डरचं पॅनेल तुमच्या मदतीला येत नाही.

दुसरं, ओळींमधली जागा. इंग्रजी शीर्षकाला १.२ ची लाइन हाइट चालून जाते. मराठीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींचं शीर्षक झालं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मी शीर्षकांना १.४ च्या आसपास आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवते. जिथे डब्याची उंची पिक्सेलमध्ये बांधून दिलेली असते तिथे तर मात्रा सरळ कापल्या जातात. वय झालेली माणसं फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतात, त्यांच्याकडे तो डबा अर्धं वाक्य गिळतो. उंची बांधायची नाही, आतल्या मजकुराला ती ठरवू द्यायची.

तिसरं, फॉन्ट. टेम्प्लेटमध्ये माँटसेराट असेल तर त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ब्राउझर फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलतो. म्हणून तुमच्या फोनवर पान एक दिसतं, मावशींच्या फोनवर दुसरं. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत आहेत, नोटो सान्स देवनागरी आहे, पॉपिन्समध्येही देवनागरी आहे. यातला एक घ्या आणि त्याचीही दोनच वजनं, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते, नऊच्या नऊ वजनं ओढून आणण्यात अर्थ नाही. टेम्प्लेटमधलं तिरपं अक्षरही काढून टाका. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं आखलेलीच नसतात, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकवतो. ग्राहकांच्या अभिप्रायांच्या चौकटीत हे फार दिसतं.

चौथी गोष्ट पानावर कुठेच दिसत नाही. एचटीएमएलच्या अगदी सुरुवातीला पानाची भाषा लिहिलेली असते. टेम्प्लेटमध्ये ती अमेरिकन इंग्रजी असते. मजकूर मराठी आणि पाटी इंग्रजीची, त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लावून अडखळतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते वळणही भाषा मराठी सांगितली तरच येतं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी केली की हे होतं, आणि तुमचं स्वतःचं डॅशबोर्ड तुम्ही प्रोफाइलमधून इंग्रजीत ठेवू शकता. हाताने लिहिताना एचटीएमएलच्या टॅगमध्ये मराठीची दोन अक्षरी खूण घालायची. पान यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहे हेही त्याच्या खालीच सांगायचं.

मराठी मजकूर तुमच्याकडे येईल तो बहुधा दोन रूपांत. रबाळ्याहून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल येईल. ती एडिटरमध्ये चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. त्यावर तोच फॉन्ट लावून पान ‘बरोबर दिसवणारे’ महाभाग अजून आहेत. तसं करू नका. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि एकदा स्वतः वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. क्लासकडून युनिकोडमध्ये पण वर्डमधून कॉपी केलेला मजकूर येईल. तो सरळ चिकटवला तर वर्डची सजावट काही वेळा कोडमध्ये येऊन बसते, आणि एक परिच्छेद वेगळ्या फॉन्टमध्ये का दिसतोय हे शोधण्यात संध्याकाळ जाते. चिकटवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा. नुसता मजकूर येतो.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस मराठी पत्ता बनवतं. तो ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो आणि कॉपी करून पाठवला की टक्केचिन्हांची तीन ओळींची माळ होते. लोकांना वाटतं व्हायरस आहे.

बिल्डर किंवा वर्डप्रेस जिथे खरोखर कामाला येतं तेही सांगायला हवं. फोटो घ्या. फोनमधला चार एमबीचा फोटो कोपरा ओढून लहान केला की तो फक्त लहान दिसतो, उतरतो पूर्ण चार एमबीच. पण वर्डप्रेस चढवतानाच त्याच्या लहान-मोठ्या प्रती करून ठेवतं आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या ४.४ आवृत्तीपासून फोनला त्यातली योग्य ती निवडू देतं. २०२० च्या ५.५ पासून खालचे फोटो पान सरकवेपर्यंत उतरवतही नाही. हाताने लिहिताना हे सगळं तुम्हाला करावं लागतं : प्रत्येक फोटोच्या दोन-तीन प्रती, वेबपी हे हलकं स्वरूप, रुंदी-उंची लिहिणं, म्हणजे फोटो येताना मजकूर खाली उडी मारत नाही. हाताने कोड लिहिणारे हे टाळतात आणि मग त्यांचं ‘शुद्ध’ पान बिल्डरपेक्षा जड होतं.

बिल्डर निवडताना दिसण्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा : उद्या इथून निघायचं झालं तर काय बरोबर नेता येईल? विक्सवर केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, ती तिथेच चालते. वेबफ्लोमधून कोड बाहेर काढता येतो, पण त्यासाठी पैसे भरावे लागतात आणि त्यातले फॉर्म आणि सीएमएस (लॉगिन करून मजकूर बदलायची सोय) बाहेर चालत नाहीत. स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस पूर्ण उचलून नेता येतं. पण त्यावर बसवलेला बिल्डर काढलात तर बऱ्याचदा मांडणी कोसळते आणि मजकुराचे तुकडे तेवढे हाती लागतात.

ही भीती हवेतली नाही. अडोबीने म्यूझ नावाचं, कोड न लिहिता साइट करायचं साधन मार्च २०२० मध्ये कायमचं थांबवलं. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट मिळणारी वेबसाइट. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की दुकानाचं प्रोफाइल उघडत होतं, मग तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता दुकानाच्या बोर्डावर आणि बिलबुकावर छापून घेतला होता, त्यांना तो खोडत बसावं लागलं. म्हणून साधन कुठलंही असो, डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, स्वतःचं घ्यायला लावा. मागचं साधन बदललं तरी बोर्डावरचा पत्ता टिकतो.

क्लासचं काम या दोन्हींच्या मधलं आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात डोकेदुखीचं तेच. बॅचच्या वेळा, निकाल, सुट्ट्यांच्या सूचना, प्रवेशाचा फॉर्म, आणि ऑफिसात दर वर्षी नवी मुलगी. वर्डप्रेस घ्या, ऑफिसला एडिटर म्हणून (मजकूर बदलण्यापुरतं) लॉगिन द्या, सगळे अधिकार असलेलं ॲडमिन देऊ नका. प्लगइन मोजके ठेवा आणि अपडेट कोण करणार ते लेखी ठरवा, कारण अपडेट न झालेले प्लगइन हीच साइट हॅक होण्याची नेहमीची वाट. मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय लावू नका, निकालाच्या जोशात क्लासवाले हे विसरतात.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की सोबत फोटो आणि शीर्षक यावं, हे तिघांनाही हवं असणार. ते पानाच्या हेडमधल्या (कोडच्या सुरुवातीच्या, पानावर न दिसणाऱ्या भागातल्या) ओपन ग्राफच्या टॅगमुळे येतं. हाताने लिहिताना त्या चार ओळी आहेत, वर्डप्रेसमध्ये एखादा एसईओ (साइट गूगलवर सापडावी यासाठीचा) प्लगइन ते करतो. फोटो बदलूनही जुनाच दिसत राहिला तर घाबरू नका, व्हॉट्सॲप काही काळ जुना साठवून ठेवतं.

मग शिकायचं किती? कोड लिहिता येण्यापेक्षा वाचता येणं आधी. शीर्षकं, परिच्छेद, याद्या, तक्ते, लिंक, फोटो, फॉर्म, एवढं एचटीएमएल. सीएसएसमध्ये कुठला नियम कुणावर मात करतो हे नीट समजून घ्या, मग डब्याच्या आतली आणि बाहेरची जागा, फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (मांडणीसाठी), आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे रूप बदलायला). २०१७ पासून ग्रिड सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या फ्लोटच्या कसरती सोडून द्या. जावास्क्रिप्टला या तीन कामांत जवळजवळ काम नाही. लिहायला व्हीएस कोड घ्या, त्यात लाइव्ह सर्व्हर ही जोडणी टाका, फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान लगेच बदलतं. म्हणजे हाताने लिहितानाही तुम्ही बघतबघतच लिहिता. एआयकडून कोड मागवलात तरी हरकत नाही, पण त्याने दिलेल्या शीर्षकातलं लेटर स्पेसिंग तुमच्याच डोळ्यांना दिसायला हवं.

फसवणुकीबद्दल मित्राला माझ्याकडून एवढं सांगा. बिल्डर वापरून पैसे घेणं ही फसवणूक नाही, मावशींना भाव बदलता येणं याचेच ते पैसे आहेत. फसवणूक म्हणजे विकतच्या थीमची ‘नल्ड’, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली, प्रत कुठूनतरी फुकट उतरवायची आणि क्लायंटच्या साइटवर बसवायची. बरेचदा तिच्यातच मालवेअर असतो. किंवा डोमेन स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि नंतर रिन्यूअलच्या वेळी मालकाला खेळवायचं. वागळे इस्टेटमधल्या दोन-तीन कारखानदारांची साइट मी नव्याने केली ती केवळ यापायी, आधीचा माणूस फोन उचलत नव्हता आणि डोमेन त्याच्याकडे होतं. डोमेन मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या कार्डाने. होस्टिंगही तसंच. पासवर्ड आणि रिन्यूअलच्या तारखा एका कागदावर लिहून त्यांच्या फाइलीत लावून द्या, बिलासोबत.

कोटेशनमध्ये करणं आणि सांभाळणं वेगळं लिहा. रबाळ्याच्या कामात सांभाळणं नावापुरतं असेल, क्लासच्या कामात ते करण्याइतकंच भरेल. एकच आकडा दिलात तर क्लासचे फोन वर्षभर फुकट उचलाल.

सुरुवात रबाळ्यापासून करा. तिथे घाई नाही आणि शिकायला वाव आहे. मालकांना आजच फोन करून कामांची यादी एक्सेलमध्ये मागा : भागाचं नाव, धातू, कमाल व्यास, कमाल लांबी. ते छापील कॅटलॉगच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲप करतील. तरी एक्सेलच मागा, नाहीतर टाइप करण्याचा वेळ कोटेशनमध्ये वेगळा लावा.